फ्लॅटमधलं बोन्साय: आधी उजेड, मग माती, कात्री सगळ्यात शेवटी

घरातलं बोन्साय वाळलं की दोष पाण्याला जातो. ‘जास्त झालं असेल’ नाहीतर ‘कमी पडलं असेल’. खरी गडबड बहुतेक वेळा त्याच्या आधीच झालेली असते. झाड अंधाऱ्या कोपऱ्यात असतं, म्हणून पाणी ओढतच नाही. माती आठवडाभर ओली राहते, मुळं कुजतात, पानं गळू लागतात, आणि पानं गळतात म्हणून आणखी पाणी घातलं जातं.

दुसरी चूक क्रमाची. झाड घरी आलं त्याच दिवशी कुंडी बदलायची, मुळं कापायची, फांद्या छाटायच्या आणि वर फांद्या वळवायला तारही गुंडाळायची. यातलं प्रत्येक काम झाड सोसतं, पण एका वेळी एकच. पुढचे टप्पे एक-दोन खोल्यांच्या, बाल्कनी नसलेल्या घरासाठी आहेत. ते याच क्रमाने करा.

१. झाड आणण्याआधी जागा ठरवा

खोलीत ‘छान उजेड आहे’ हा आपल्या डोळ्यांचा अंदाज फसवा असतो, कारण डोळे मंद उजेडाला लगेच सरावतात. बाहेर भर उन्हात साधारण १,००,००० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. चांगल्या खिडकीच्या काचेला लागून १०,००० लक्सच्या आसपास मिळू शकतो आणि तिथून दोन मीटर आत आलं की तो काही शेकड्यांवर येतो. फोनवरचं लक्स मोजणारं अ‍ॅप अगदी अचूक नसतं, तरी दोन जागांची तुलना करायला पुरतं. भर दुपारी, झाड जिथे ठेवणार तिथेच, फोन पानांच्या उंचीवर धरून मोजा.

- ५,००० लक्सच्या वर: घरातल्या बहुतेक जाती चालतील.
- २,००० ते ५,०००: झाड जगेल, पण छाटणीला जेमतेम प्रतिसाद देईल. दिवा जोडा.
- २,००० च्या खाली: दिव्याशिवाय झाड ठेवू नका.

दिवा म्हणजे साधा पांढरा एलईडी ग्रो लाइट, २० ते ३० वॅटचा, ५,००० ते ६,५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप). जांभळ्या रंगाचे दिवेही चालतात, पण त्या उजेडात पानांवरचे डाग आणि कीड दिसत नाही. दिवा शेंड्यापासून २० ते ३० सेंटीमीटरवर हवा. छताला लावलेल्या दिव्याचा झाडाला उपयोग जवळजवळ शून्य. रोज १२ ते १४ तास उजेड आणि बाकी वेळ अंधार. त्यासाठी टायमर लावा, कारण हाताने बटण दाबायचं म्हटलं की पंधरा दिवसांत विसर पडतो.

एसीचा झोत थेट अंगावर येणारी जागा टाळा, त्या झोताने फायकस (वड-पिंपळाच्या कुळातलं झाड) आठवड्यात पानं टाकतं. तापलेल्या काचेला पानं चिकटू देऊ नका. खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंडी ठेवणार असाल तर ती तारेने बांधा. बोन्सायची कुंडी उथळ, झाड वर जड, आणि खाली माणसं चालतात.

तपासा: ठरवलेल्या जागी तळहाताची सावली कडक उमटते का? पुसट, कडा नसलेली सावली असेल तर उजेड कमी आहे.

२. घरात जगेल असंच झाड निवडा

ज्युनिपर, पाइन आणि मेपल ही बोन्सायच्या चित्रांत दिसणारी झाडं घरात ठेवायची नाहीत. त्यांना हिवाळ्याची थंड विश्रांती लागते आणि उघड्यावरचं ऊन लागतं. ज्युनिपर तर मेल्यानंतरही काही आठवडे हिरवा दिसतो. तो घरात ‘महिनाभर छान होता’ असं लोक सांगतात, त्याचं कारण हेच.

घरासाठी पहिलं झाड फायकसच घ्या. नांदरुक म्हणजे फायकस मायक्रोकार्पा आणि बारीक लांबट पानांचा फायकस सॅलिकारिया हे दोन्ही कमी दमट हवा, छाटणी आणि नवशिक्याच्या चुका सोसतात. दुसरा पर्याय पोर्ट्युलाकारिया आफ्रा, ज्याला बरेच जण छोटा जेड म्हणतात. तो पानांत पाणी साठवतो, म्हणून विसराळू माणसाला बरा, पण त्याला ऊन फायकसपेक्षा जास्त लागतं. शेफ्लेरा कमी उजेडात टिकतो, मात्र त्याच्या फांद्या तारेने फारशा वळत नाहीत. सेरिसा आणि कार्मोना दिसायला देखणे, पण जागा बदलली, पाणी चुकलं की रुसतात. पहिल्या वर्षी त्यांच्या वाटेला जाऊ नका.

विकत घेताना पानांआधी खोडाचा बुंधा पाहा. छोट्या कुंडीत खोड जाड होत नाही, निदान तुमच्या सोयीच्या वेळात तर नाहीच. जाड बुंधा हवा असेल तर तो आधीपासून असलेलंच झाड घ्या. बटाट्यासारख्या फुगलेल्या मुळांचं जे नांदरुक मिळतं, त्यावर बहुतेक वेळा लहान पानांची कलमं बांधलेली असतात. कलमाच्या खालून आलेले फुटवे मोठ्या पानांचे निघतात, ते दिसताच काढा. नाहीतर वर्षभरात तेच झाड होऊन बसतं.

इशारा: मातीवर खडे डिंकाने चिकटवलेले असतील तर ते घरी आल्यावर लगेच फोडून काढा. त्यांच्याखाली माती ओली आहे की कोरडी हे कळत नाही आणि पाणी कडेने वाहून जातं. कुंडीला भोकं नसतील तर झाड मुळांच्या गड्ड्यासकट, काही न कापता, भोकांच्या साध्या कुंडीत हलवा.

३. पहिला महिना: हात फक्त पाण्याला लावायचा

नव्या जागी आलेलं फायकस दोन-तीन आठवड्यांत बरीच पानं गाळू शकतं. नर्सरीतल्या उजेडासाठी बनलेली पानं टाकून ते नव्या उजेडाला साजेशी पानं काढतं. घाबरून पाणी वाढवू नका, खत देऊ नका, जागा पुन्हा बदलू नका. शंका आली तर बारीक डहाळीची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर डहाळी जिवंत आहे.

या महिन्यात शिकायचं एवढंच, की तुमच्या घरात, त्या जागी हे झाड किती दिवसांत माती कोरडी करतं. ‘दिवसाआड एक कप’ हा नियम कामाचा नाही, कारण ढगाळ आठवड्यात तेच झाड निम्मं पाणी पितं.

रंग न लावलेली बांबूची काडी खोडापासून थोडी दूर, कुंडीच्या तळापर्यंत खोचून ठेवा. सकाळी काढून पाहा. खालचा अर्धा भाग गडद आणि गार लागला तर आज पाणी नाही. काडी फक्त टोकाला ओलसर आणि बाकी कोरडी असेल तर पाणी द्या. पोर्ट्युलाकारियाला मात्र काडी पूर्ण कोरडी निघाल्यावर, त्यातही पानांना किंचित सुरकुती दिसली की. रोज कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेतलात तर महिनाभरात काडीची गरजही उरत नाही.

पाणी देताना बारीक भोकांच्या झारीने, खालून धार लागेपर्यंत द्या. पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा एकदा द्या. पहिल्या फेरीने माती जागी होते, दुसरी आत मुरते. ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका. माती इतकी वाळली असेल की पाणी वरूनच कडेला पळतंय, तर कुंडी बादलीत काठापर्यंत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण १० मिनिटं ठेवा.

पानांवर फवारा मारणं म्हणजे पाणी देणं नव्हे. त्याने धूळ धुतली जाते आणि मिनिटभर हवा दमट होते, एवढंच. ताटलीत खडे आणि पाणी ठेवायचंच असेल तर कुंडीचा तळ पाण्याच्या वर राहिला पाहिजे.

तपासा: नव्या डहाळीवरच्या दोन पानांमधलं अंतर, म्हणजे पेर, पाहा. पेरं लांब आणि पानं मोठी, पातळ, फिकट येत असतील तर झाड उजेडाकडे ओढलं जातंय. नवी पेरं जुन्याइतकीच आखूड असतील तरच पुढच्या टप्प्याला जा. दर आठवड्याला कुंडी पाव वळण फिरवा.

४. मातीचं मिश्रण तयार करा

बागेची माती उथळ कुंडीत चिखल होते. नुसतं कोकोपीट सुरुवातीला बरं वाटतं आणि वर्षभरात दबून हवा अडवतं. बोन्सायला लागतात २ ते ५ मिलिमीटरचे दाणे, ज्यांच्यामधून हवा खेळते आणि ज्यांच्या अंगात ओल राहते.

फायकससाठी मापाने: ३ भाग विटेचा खडा, २ भाग प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) किंवा जाड परलाइट (तापवून फुगवलेले हलके पांढरे दाणे), १ भाग चाळलेलं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट. पोर्ट्युलाकारियासाठी कंपोस्ट निम्मं करा. अकाडामा (बोन्सायसाठीची जपानी दाणेदार माती) मिळत असेल तर विटेऐवजी वापरा, पण तो नसल्याने काही अडत नाही.

वीट चांगली भाजलेली हवी. दोन-चार खडे रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी चिमटीत दाबा, चुरा झाला तर ती वीट नको. फोडलेला चुरा आधी ५ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा, वर राहिलेलं पुन्हा फोडा. मग खाली पडलेलं २ मिलिमीटरच्या चाळणीत घ्या आणि जे तिच्यातून गळेल ते सगळं फेका. हे फेकणंच लोकांना जिवावर येतं, आणि ठेवलेली तीच धूळ सहा महिन्यांनी तळाशी बसून भोकं बुजवते. उरलेले दाणे पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. परलाइट हाताळताना तो ओला करा, तोंडाला मास्क लावा.

मोजमाप आधी करा. २० बाय १५ बाय ५ सेंटीमीटरच्या कुंडीत दीड लिटर मावतं. दाबून आणि सांडून जाणारं धरून दोन लिटर तयार ठेवा. मुळं उघडी असताना चाळणी शोधत बसायची वेळ येऊ नये.

तळाला खड्यांचा थर देऊ नका. निचरा वाढत नाही, उलट ओला पट्टा मुळांच्या जवळ सरकतो. ओला स्पंज आडवा धरला तर पाणी आतच राहतं, उभा धरला की खालून ठिबकतं. उथळ कुंडी हा कायमचा आडवा स्पंज आहे, म्हणून मिश्रण वरपासून खालपर्यंत एकच आणि भरड हवं.

५. कुंडी बदला

वेळ: रात्रीचं तापमान सतत १८ अंशांच्या वर असताना आणि नवे कोंब फुटत असताना. पाणी मुरायला वेळ लागतोय, मुळं गोल गोल फिरून गड्डा वर उचलला जातोय, असं दिसलं तरच. फायकसला साधारण दर दोन-तीन वर्षांनी.

कुंडीची खोली बुंध्याच्या जाडीएवढी आणि लांबी झाडाच्या उंचीच्या दोन-तृतीयांश, हे नेहमीचं माप. घरात पहिल्या वेळी खोली थोडी जास्तच घ्या. अगदी उथळ कुंडी सांभाळायला उजेड आणि पाणी दोन्ही हातात बसलेलं असावं लागतं.

१. भोकांवर प्लॅस्टिकची जाळी तारेच्या आकड्याने पक्की करा. भोकांतून १.५ मिलिमीटरची दुसरी तार खालून वर काढून दोन्ही टोकं मोकळी ठेवा. झाड याच तारेने बांधायचं आहे.

२. तळाला एक सेंटीमीटर मिश्रण, आणि झाड येईल तिथे छोटासा उंचवटा.

३. झाडाला आदल्या दिवशी पाणी देऊ नका, गड्डा ओलसर हवा, लबलबीत नको. बाहेर काढून काडीने बाहेरून आत, वरून खाली मुळं विंचरा. ओढू नका. जुनी चिकट माती बुंध्याच्या अगदी खाली अडकते, तिथे वेळ द्या.

४. सरळ खाली जाणारी जाड मुळं आणि गोल फिरलेली मुळं धारदार कात्रीने कापा, बारीक तंतुमुळं राखा. एकूण एक-तृतीयांशापेक्षा जास्त नाही. काळी, मऊ, वास येणारी मुळं मात्र सगळी काढा. काम चालू असताना मुळांवर पाणी फवारत राहा, दहा मिनिटांच्या वाऱ्यातही तंतुमुळं वाळतात.

५. झाड उंचवट्यावर ठेवून डावी-उजवीकडे हलकं फिरवत बसवा, म्हणजे बुंध्याखाली पोकळी राहत नाही. मग तारा पिळून बांधा.

६. मिश्रण भरत काडीने टोचत राहा. काडी सहज आत जाणं थांबलं की ती जागा भरली. वरची पातळी काठाच्या अर्धा सेंटीमीटर खाली ठेवा, नाहीतर पाणी दरवेळी फरशीवर.

७. खालून निघणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत पाणी द्या.

तपासा: खोडाला धरून किंचित हलवा. झाड आणि कुंडी एकत्र हलली पाहिजे. झाड डुगडुगत असेल तर नवी मुळं रोज तुटतील, पुन्हा बांधा.

दोन आठवडे थेट उन्हाऐवजी तेज सावलीत ठेवा, चार ते सहा आठवडे खत नाही. पोर्ट्युलाकारिया याला अपवाद आहे. त्याची मुळं कापल्यावर कोरड्या मिश्रणात लावा आणि जखमा सुकण्यासाठी पहिलं पाणी पाच-सात दिवसांनी द्या.

६. छाटणी

कुंडी बदलल्यापासून निदान सहा आठवडे आणि त्यात फुटलेले नवे निरोगी कोंब, या दोन्ही गोष्टी असल्याशिवाय कात्री हातात घेऊ नका.

फायकसची डहाळी सहा ते आठ पानांपर्यंत वाढू द्या, मग दोन-तीन पानं ठेवून कापा. दर आठवड्याला शेंडा खुडत बसलात तर झाडाला ताकद साठवायला पानंच उरत नाहीत. झाडाचा जोर वर असतो, म्हणून शेंड्याकडे जास्त कापा आणि खालच्या फांद्यांना मोकळीक द्या. घरात उजेडही वरूनच मिळत असल्याने खालच्या फांद्या आधीच उपाशी असतात. सगळीकडे सारखी कात्री चालवली की दोन वर्षांत खालचा भाग उघडा पडतो आणि छत्री उरते.

फांदीवर निदान एक-दोन पानं राहू द्या. सगळी पानं काढलेली अशक्त फांदी फुटण्याऐवजी वाळण्याचा संभव जास्त. पूर्ण पानगळ करून पानं लहान करण्याचा प्रकार खिडकीतल्या झाडावर करूच नका. तो भरपूर उजेडातल्या, जोमदार झाडासाठी आहे.

इशारा: फायकसचा पांढरा चीक त्वचेला आणि डोळ्यांना झोंबतो, मांजर-कुत्र्यालाही बाधतो. हातमोजे घाला, जखमेवर ओलं फडकं टेकवून चीक थांबवा. पेन्सिलीपेक्षा जाड फांदी कापली तर जखमेवर कट पेस्ट (झाडाची जखम झाकणारा लेप) लावा.

७. तार

ॲनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमची तार घ्या, जाडी फांदीच्या साधारण एक-तृतीयांश. १, १.५, २ आणि २.५ मिलिमीटर या चार जाड्या छोट्या झाडाला पुरतात. लांबी फांदीच्या दीडपट. एकाच तारेने जवळजवळच्या दोन फांद्या बांधल्या की मधला खोडावरचा वेढा दोघींना आधार देतो. एकटी फांदी बांधायची तर तार आधी खोडाला दोन वेढे देऊन पक्की करा.

वेढे ४५ अंशांत, एकसारख्या अंतरावर, पानं तारेखाली न चिरडता. पाणी द्यायच्या आदल्या दिवशी हे काम करा, तेव्हा फांद्या थोड्या लवचीक असतात. जिथे वाकवायचं तिथे तार वळणाच्या बाहेरच्या अंगाला आली पाहिजे, साल तिकडेच ताणली जाते. दोन्ही अंगठे आत टेकवून हळूहळू वळवा. करकर ऐकू आली की थांबा, उरलेलं दोन आठवड्यांनी.

तार काढणं उशिरा होतं, ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. जोमात वाढणाऱ्या फायकसवर चार ते सहा आठवड्यांत वळ उठू शकतात, आणि ते वर्षानुवर्षं जात नाहीत. दर आठवड्याला कुंडी फिरवता तेव्हाच वेढ्यांकडे पाहा. काढताना उलटी उकलू नका, प्रत्येक वेढा कटरने तोडा. वाचवलेल्या तारेपायी फांदी मोडते. फांदी परत सरकली तर नवी तार, वेगळ्या जागेवरून.

८. खत आणि कीड

नवे कोंब येत असतील तेव्हा द्रवरूप संतुलित खत, पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्मं, दर दोन आठवड्यांनी, आणि तेही आधीच ओल्या मातीत. वाढ थांबली की खतही थांबवा. खताने आजारी झाड बरं होत नाही. उजेड नसेल तर ते क्षार होऊन मातीत साठतं आणि पानांच्या कडा जाळतं.

बंद घरात कीड पसरते पटकन, कारण पाऊस आणि भक्षक कीटक दोन्ही नाहीत. पिठ्या ढेकूण पानाच्या बेचक्यात कापसासारखा दिसतो, त्यावर सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा टेकवा. खवले कीड सालीवरच्या तपकिरी टिपक्यांसारखी दिसते, ती नखाने किंवा जुन्या टूथब्रशने खरवडा. कोळी कीड म्हणजे पानांवर फिकट ठिपके आणि बारीक जाळं. झाड नळाखाली पानांच्या खालच्या बाजूने जोरात धुवा, नंतर आठवड्याने पुन्हा. तीनही किडींची अंडी मागे राहतात, म्हणून उपचार सात दिवसांच्या अंतराने निदान तीनदा. कडुलिंबाचं तेल वापरणार असाल तर आधी एका पानावर लावून दोन दिवस थांबा आणि फवारल्यावर ऊन-दिव्यापासून दूर ठेवा. मातीवरून उडणाऱ्या बारीक माश्या दिसल्या तर औषध शोधण्याआधी काडी खोचून पाहा, माती सतत ओली असणार.

९. आठ-दहा दिवस घर बंद असेल तेव्हा

निघण्याच्या दिवशी कुंडी बादलीत बुडवून पूर्ण भिजवा, निथळू द्या, आणि खिडकीपासून मीटरभर आत ठेवा. दिव्याचा टायमर आठ तासांवर आणा. उजेड कमी झाला की झाड पाणी कमी ओढतं, आणि एवढ्या थोड्या दिवसांत त्याचं फारसं बिघडत नाही. फायकसवर पारदर्शक पिशवी सैल घालून वर दोन-तीन छिद्रं ठेवा. पोर्ट्युलाकारियाला पिशवी नको. कुंडी पाणी भरलेल्या ताटलीत मात्र कुठल्याही झाडाची ठेवू नका. शेजाऱ्यांना किल्ली देणार असाल तर ‘रोज थोडं पाणी घाला’ म्हणू नका. काडी दाखवा, कशी वाचायची ते समजावा, आणि झारी काडीशेजारीच ठेवा.